वाटीवर दोनदा

शैलावहिनींनी माझ्या आईला फसवलं. एकदा नाही, दोनदा. आणि दुसऱ्यांदा फसवलं तेव्हा आई फसवून घ्यायलाही या जगात नव्हती. त्यांचं आडनाव मी लिहीत नाही. भोसरी गावठाणातलं मोठं घर, पुढे त्या नगरसेविका झाल्या, आता रावेतला मुलाकडे चौदाव्या मजल्यावर राहतात, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. माझा धंदा भंगाराचा. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतून लोखंडाचा कीस आणि पत्र्याची कातरणं मी उचलते, आणि भाव करताना समोर कोण बसलंय ते बघत नाही. लोक मला तोंडाळ म्हणतात. असेन. हे प्रकरण रागात लिहायचं नाही असं ठरवून मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं, कारण राग काढून टाकला की ते दुसऱ्याच कुणाच्या आईबद्दल वाटायचं.

आम्ही राहायचो ती खोली शैलावहिनींच्याच चाळीतली. परभणीकडून आलेली आमच्यासारखी बरीच घरं तिथं होती. मागच्या भिंतीपलीकडे पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसचं शेड होतं आणि दिवसभर धप्प, धप्प असा आवाज यायचा. त्या तालावर मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि भिंतीवरची बुद्धांची तसबीर हळूहळू तिरकी व्हायची. आईनं तिच्या मागे वर्तमानपत्राची घडी खोचून ठेवली होती. प्रेस थांबली की जेवणाची सुट्टी झाली हे कळायचं. त्या अर्ध्या तासात इतकं शांत व्हायचं की शेजारच्या खोलीत भाकरी थापल्याचा आवाज ऐकू यायचा. बाबा लेथवर कामाला होते. त्यांच्या कपड्यांना मशीनवरच्या पांढऱ्या तेलपाण्याचा आंबूस वास असायचा, आणि आई ते कपडे धुताना नाक न मुरडता गाणं म्हणायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी मेथीची पातळ भाजी. भाकरी करताना ती पहिली भाकरी बाजूला ठेवायची. चाळीत कुणी ना कुणी आजारी असायचंच, आणि ती भाकरी दुधात कुस्करून कुणाच्या तरी घरी जायची. मला त्याचा राग यायचा, कारण पहिली भाकरी सगळ्यांत चांगली फुगते.

शैलावहिनींच्या सासूला सगळं गाव आक्का म्हणायचं. ठणठणीत होत्या तेव्हा चाळीत चक्कर मारायच्या, पण आमच्या दारात कधी टेकल्या नाहीत. बाहेरूनच बोलायच्या. एका सकाळी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू गेली आणि वाचा गेली. सांभाळायला ठेवलेली पहिली बाई चार दिवसांत पळाली, दुसरी दोन दिवसांत. मग वहिनी आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "कांताबाई, आठ दिस ये की. दुसरी बाई घावली का तू मोकळी." आई गेली. ते आठ दिवस अकरा वर्षं चालले.

त्या घरात आईचा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, मागच्या खिडकीत ठेवलेला. आम्ही कोण हे गावाला माहीत होतं, आणि तो कप कशासाठी हे आम्हाला माहीत होतं. पहिले काही महिने ठीक आहे, असं मी आज भाव करताना म्हणते तसं म्हणेन. पण आई आक्काला स्वतःच्या हातानं भरवायची, आक्काच्या तोंडात बोट घालून अडकलेलं शीत काढायची, त्यांचं सगळं अंग धुवायची, आणि तरी कप खिडकीतच राहिला. अकरा वर्षं. एकदा मी तो कप फोडायला निघाले होते. आई म्हणाली, "फोड. उद्या दुसरा कान तुटलेला शोधतील. त्यांना कामाला कामून लावायलीस उगं?"

आईची काम करायची एक पद्धत होती आणि ती तिला कुणी शिकवली नव्हती. थंड हात ती आक्काला कधी लावायची नाही. आधी हात स्वतःच्या पोटाशी धरून ऊब द्यायची. कूस बदलण्याआधी सांगायची, "आक्का, आता तिकडं वळायचंय बरं का," आणि मग तीन मोजून वळवायची. चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. अकरा वर्षांत आक्काच्या पाठीला एक जखम झाली नाही. तपासायला येणारे डॉक्टर ते बघून मान हलवायचे आणि कौतुक वहिनींचं करायचे. सगळ्यांत अवघड होतं ते जेवण. झटक्यानंतर आक्का घास तोंडात घेऊन गिळायचं विसरायच्या. तो तसाच असताना दुसरा भरवला की ठसका लागायचा, डोळे फिरायचे. वहिनींनी एकदाच भरवून पाहिलं. तिसऱ्या घासाला ठसका लागला आणि त्या वाटी खाली ठेवून उठल्या. "हे माज्याच्यानं न्हाई व्हायचं, बाई."

आईनं त्यावर वाटीची रीत बसवली. स्टीलची उभट वाटी, त्यात मऊ भात आणि डाळीचं पाणी, नाहीतर नाचणीची खीर. वाटीच्या काठावर ती चमचा एकदा वाजवायची: तोंडातलं गिळा. मग थांबायची. नजर आक्काच्या गळ्यावर. गळा वर जाऊन खाली आला, की दुसऱ्यांदा वाजवायची: आता तोंड उघडा. दोन आवाजांच्या मधे कधी एक श्वास जायचा, कधी चहा गार होईल एवढा वेळ. एका जेवणाला तासभर लागायचा. मी शाळेतून थेट तिथं जायचे आणि मागच्या पायरीवर बसून अभ्यास करायचे. तो आवाज ऐकत ऐकत मी कितीतरी गणितं सोडवली. प्रेस धप्प धप्प करायची, आणि तिच्यामधून बारीक, सावकाश, टण्ण. मग काही नाही. मग टण्ण.

मी नववीत असताना वहिनी एक दिवस माझ्याजवळ पायरीवर येऊन बसल्या. एरवी त्या तिथं बसत नसत. म्हणाल्या, "मंदे, तुजं अक्षार लई झ्याक हाय म्हनं. आक्काचं रोजचं काय काय असतंय ते समदं लिवून दे की. पुन्याच्या डाक्टरला दावायचंय."

मला इतका आनंद झाला की कशाला, कधी, असलं काहीही मी विचारलं नाही. त्या रात्री आई डाळ निवडत होती आणि मी वही घेऊन बसले. ती सांगत होती, मी लिहीत होते. हाताची ऊब, कूस बदलणं, तीन मोजणं, नखं कापायचा दिवस, उन्हात खाट कुठं ओढायची, आक्का रडू लागल्या तर त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव घ्यायचं. मधेच मी विचारलं, "आणि वाटी?"

"ते कामून लिहायलीस? ते काय औषध हाय का?"

म्हणून वाटी राहिली. बाकी चार पानं भरली. प्रत्येक वाक्यात मी 'आई' असं लिहिलं होतं. आई आधी हात गरम करते. आई न सांगता हात लावत नाही. समास सोडून, शाईच्या पेनानं, खाडाखोड नाही. सकाळी मी ती पानं वहिनींना दिली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. आज मी एक किलो पत्रासुद्धा हातातून सोडण्याआधी विचारते, माल कुठं जाणार, कुणाच्या नावानं जाणार. लोकांना तो माझा संशयी स्वभाव वाटतो. तो मी त्या खडीसाखरेवर शिकले.

महिन्याभरानं गावातल्या महिला मंडळाचा कार्यक्रम ठरला. आदर्श सून पुरस्कार, शैलावहिनींना. वॉर्ड बायकांसाठी राखीव होणार अशी कुजबुज होती आणि वहिनींच्या यजमानांनी मांडव स्वतःच घातला होता. त्या दोन गोष्टींचा संबंध मला फार नंतर लागला. आईला फक्त एवढं सांगितलं, की आक्काला मांडवात न्यायचंय, तू बरोबर पाहिजेस. आईनं आक्काला हिरवं इरकली लुगडं नेसवलं, चार माणसांनी खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं, आणि आई आपली कापडी पिशवी घेऊन स्टेजच्या पायरीपाशी उभी राहिली, मी तिच्या शेजारी. कार्यक्रम सकाळी दहाचा. पाहुणे आले दीड वाजता. तोवर आक्का उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली बसून होत्या.

मग गावच्या शाळेतले एक गुरुजी माईकवर उभे राहिले आणि मानपत्रात घेतलेलं वहिनींचं मनोगत वाचू लागले. "थंड हात मी सासूबाईंना कधी लावत नाही. आधी हात पोटाशी धरून ऊब देते." मला आधी वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकते आहे. "न सांगता हात लावला तर त्या दचकतात, म्हणून मी आधी सांगते, आणि तीन मोजते." माझी वाक्यं. माझे स्वल्पविरामसुद्धा तसेच, गुरुजी त्या त्या जागी थांबत होते. फक्त जिथं 'आई' होतं तिथं 'मी' झालं होतं. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मी आईकडे पाहिलं. ती मानपत्र ऐकतच नव्हती. ती आक्काच्या तोंडाकडे बघत होती.

वाचन संपलं, आणि फोटोसाठी वहिनींनी सासूला खीर भरवायची असं ठरलेलं होतं. चांदीची वाटी आणली गेली. वहिनी वाकून, आमच्याशी कधी बोलल्या नाहीत अशा शुद्ध भाषेत म्हणाल्या, "आई, आ करा ना." आक्कांनी तोंड मिटलेलंच ठेवलं. "आ करा, सगळे बघताहेत." चमचा ओठांना लागला, खीर हनुवटीवरून खाली आली. फोटोवाला एका गुडघ्यावर बसून राहिला. माझ्यामागच्या दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या.

"म्हातारी रुसली जनू सुनंवर."

"रुसल न्हाईतर काय. आज पयल्यांदाच घास दिसला आसल तिच्या हातचा."

एखादं मिनिट अजून गेलं असतं तर मांडवाला सगळं कळलं असतं. मी मनात म्हणत होते, उघडू नका, आक्का, तोंड उघडू नका. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. टण्ण.

आईनं पिशवीतून आपली वाटी काढली होती. आक्कांची मान वळली. आई थांबली. सगळा मांडव काय चाललंय ते न कळून बघत होता. आक्कांचा गळा वर गेला, खाली आला. टण्ण. आक्कांनी तोंड उघडलं, वहिनींनी चमचा आत घातला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. आणि वहिनींनी चांदीची वाटी बाजूला ठेवून हार घालून घ्यायला मान वाकवली. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. आक्का मात्र आईकडे बघत तोंड पुन्हा उघडून बसल्या होत्या. त्या उघड्या तोंडाकडे स्टेजवरच्या एकाही माणसानं पाहिलं नाही. आई पायरी चढू लागली तर छातीला फीत लावलेला एक जण आडवा आला. "ओ बाई, खाली थांबा. कार्यक्रम चालू हाय, दिसंना व्हय?"

भाषणं संपल्यावर मांडवाच्या मागे, जेवणाच्या पातेल्यांशेजारी, आई आक्काला भरवत बसली. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तू कशाला वाजवलीस वाटी? पडू द्यायचं होतंस वहिनीला तोंडघशी."

"पाणी आण आधी."

पाणी आणलं. मग दोन घासांच्या मधे ती म्हणाली, "म्हातारी कालच्या रातीपून उपाशी हाय. मी सकाळी भरवाय गेले तर वहिनी म्हणली, आज नको, स्टेजवर लुगडं खराब होईल."

"मग हे सगळ्यांसमोर सांगायचं ना."

"भुकेल्या माणसाचं सांगत बसायचं असतंय का त्याला खायला घालायचं असतंय? फोटो निघाला म्हणून त्या घासातलं काय कमी झालं?" मग माझ्याकडे न बघता, टण्ण करून, गळा खाली जाण्याची वाट बघत, "तुझं लिहिलेलं चांगलं होतं की. बाया रडायल्या होत्या ऐकून."

या उत्तराशी मी पस्तीस-एक वर्षं भांडते आहे. आईचं उत्तर आईला शोभतं. पण तिच्या मोठ्या मनात दुसऱ्या कुणी फुकट बिऱ्हाड का थाटावं, हे मला अजून कळलेलं नाही. त्या फोटोच्या निवडणुकीसाठी कापडी पाट्या झाल्या, वहिनी निवडून आल्या. दोन वर्षांनी आक्का गेल्या, सकाळी, आईच्या हातावर. अकरा वर्षं रोज जिनं त्यांना आंघोळ घातली तिला त्या दिवशी सांगण्यात आलं, "शेवटची आंघोळ घरच्या बायका घालतील, कांताबाई, तू अंगणात थांब." ती थांबली. आतून बायकांचा गोंधळ ऐकू येत होता आणि आई अंगणातून हळूच म्हणाली, "पाणी कोमट घ्या." तेराव्यानंतर तिला आक्काची जुनी लुगडी, एक चादर आणि ती स्टीलची वाटी देण्यात आली, कारण ते सगळं आजारी माणसाचं होतं, घरात नको होतं.

आई त्यानंतरही थांबली नाही. प्रेसवर बोटं गेलेली पोरं, एकट्यानं राहणारी, त्यांना ती घास भरवायची आणि डाव्या हातानं बटण लावायला शिकवायची. चाळीतल्या बाळंतिणी, टायफॉइडवाले, दारू सोडताना थरथरणारे. पहिली भाकरी शेवटपर्यंत बाजूला निघत राहिली. शेवटी ती स्वतः अंथरुणाला खिळली तेव्हा भरवायला मी होते, एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात फोन, चाकणच्या कंपनीतला कुणी भंगाराच्या भावावर अडून बसलेला. आईनं घास तोंडात ठेवूनच मला खुणावलं, आणि गिळल्यावर म्हणाली, "घाई करायलीस, मंदे." मी फोन बंद केला. त्या महिन्यात मी एकही सौदा केला नाही. ते मी कुणावर उपकार म्हणून सांगत नाही. उशीर केला म्हणून सांगते.

तिला जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात माझ्या सुनेनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. रावेतच्या कुठल्याशा सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा, प्रमुख पाहुण्या शैलावहिनी, केस पांढरे, आवाज तसाच. म्हणत होत्या, "आजच्या मुलींना सेवा म्हणजे काय ते माहीत नाही. मी सासूबाईंना भरवताना वाटीवर दोनदा चमचा वाजवायचे, की लगेच त्या तोंड उघडायच्या." आणि त्यांनी समोरच्या पेल्यावर चमचा वाजवून दाखवला. टकटक. एकावर एक, दार वाजवावं तसं. मधे थांबणं नाही, गळा बघणं नाही. घास तोंडात असताना असं वाजवलं असतं तर आक्का पहिल्या महिन्यातच गेल्या असत्या. चार पानांतून त्यांनी सगळं नेलं होतं. वाटी तेवढी त्यात नव्हती. ती त्यांनी घरात आणि मांडवात नुसती लांबून ऐकली, आणि तेवढीच नेली.

मी नंबर मिळवून फोन केला. म्हटलं, "मी मंदा. कांताबाईची."

"कोण कांताबाई? हां हां. कशी आहे?"

"चार वर्षं झाली जाऊन."

"अरेरे. चांगली होती बिचारी. आमच्याकडे धुण्याभांड्याला होती ना?"

  मी बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "थांब हं, बेल वाजली," आणि फोन ठेवला गेला. त्यानंतर माझा फोन त्यांच्याकडे लागत नाही.

म्हणून हे छापायला देते आहे. वहिनी, पुरस्कार परत करा असं मी म्हणत नाही. शाल विरली असेल, नारळ खाऊन झाला असेल. मला दोन गोष्टींचं उत्तर हवं आहे, आणि ते फोनवर नको. ज्या सोसायटीत, ज्या माईकवर तुम्ही पेला वाजवून दाखवलात, त्याच माईकवर हवं. आक्काला भरवणारा हात जिचा होता, तिचं नाव घ्या. आणि त्या दिवशी, लुगडं खराब होईल म्हणून, तुम्ही तुमच्या सासूला आदल्या रात्रीपासून उपाशी का ठेवलंत, ते सांगा. ती वाटी माझ्या टेबलावर आहे. मी एकदा वाजवली आहे. आधी तोंडातलं गिळा, वहिनी. मी गळ्याकडे बघत थांबले आहे.